सायकलीचे पाठभेद

जुन्या वस्तूला पुन्हा नवेपण आणण्याच्या क्रियेसाठी मराठीत जितके शब्द आहेत, तितके वस्तूच्या जुने होण्यासाठी नसावेत. देवळाचा जीर्णोद्धार होतो, घराची डागडुजी होते, भांड्यांना कल्हई लागते, गादीतला कापूस पिंजला जातो, पोथीची शुद्ध प्रत तयार होते. सायकलीच्या वाट्याला मात्र एक अजब शब्द आला : ओव्हरऑइलिंग. ‘ओव्हरहॉलिंग’ या इंग्रजी शब्दाचे हे मराठी कानांनी केलेले रूप. सायकलीचे सगळे सांधे उकलायचे, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, ग्रीस भरायचे आणि तेल देऊन ती पुन्हा जोडायची; एवढे तेलपाणी ज्या कामात आहे त्याच्या नावात ‘ऑइल’ असणारच, असा त्यामागचा साधा तर्क. लोकव्युत्पत्तीचे उदाहरण म्हणून हा शब्द मी वर्गात कितीतरी वर्षे सांगत आले आहे आणि तो सांगताना वर्गात हमखास हशा पिकतो.

या वर्षी माझ्या वडिलांच्या सायकलीचे काम काढले, तेव्हा मात्र ओव्हरऑइलिंगने भागणार नव्हते. तिला रंग द्यायचा होता. रंग देणे ही क्रिया वरवर पाहता सगळ्यांत सोपी. जीर्णोद्धारात दगड बदलतात, ओव्हरऑइलिंगमध्ये छर्रे बदलतात. रंगाने तर काहीच बदलत नाही, केवळ दिसणे बदलते. पण दिसण्याखाली काय काय असते याचा अंदाज येण्यास मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जे हाती लागले ते घरगुती आहे. तरीही ते येथे मांडते आहे, कारण आपल्यापैकी अनेक जण जे शिकवतात वा शिकतात त्या पाठचिकित्सेशी त्याचा संबंध आहे, असे मला वाटते.

सायकल चोवीस इंची फ्रेमची, अठ्ठावीस इंची चाकांची, सळयांच्या ब्रेकची. आपल्याकडे दूधवाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांनी जी चालवली त्या जातीची. स्वातंत्र्यापूर्वी या सायकली नॉटिंगहॅम आणि बर्मिंगहॅमहून येत. पुढे मद्रासजवळ अंबत्तूरला, सोनिपतला, आसनसोलला, लुधियान्याला कारखाने निघाले आणि तोच साचा देशी झाला. आमची नेमकी कोणत्या कारखान्यातली, हे सांगता येत नाही. हँडलखालचा पितळी बिल्ला माझ्या आठवणीपूर्वीच गळून पडला होता. घरात तिला ‘अण्णांची सायकल’ एवढेच नाव होते. अण्णा गेले त्याला चार वर्षे झाली. सायकल जिन्याखाली उभी होती. गेल्या पावसाळ्यानंतर पाहिले, तर पायडलच्या सांध्यापाशी, जिथे नळ्यांमधले पाणी उतरून साचते, तिथे गंज धरला होता आणि रंगाचे पोपडे सुटत होते. कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्त करणारा म्हणाला, आणखी दोन पावसाळे असेच गेले तर नळी सांध्यातून सुटेल. म्हणजे रंग देणे हा हौसेचा प्रश्न उरला नव्हता.

अडचण अशी होती, की त्या जुन्या रंगावर आमचा जीव होता. मधल्या आडव्या नळीवर सीटच्या पुढे वीतभर जागी रंग पूर्ण झिजला होता आणि लोखंड हाताळून हाताळून काळसर चकचकीत झाले होते. ती माझी जागा. बालवाडीपासून तिसरीपर्यंत घडी केलेला टॉवेल नळीवर टाकून अण्णा मला तिथे बसवत. माझ्यानंतर माझा भाऊ तिथे बसला. पुढच्या चिमट्यावर डायनॅमोची पट्टी घासून पडलेली खाच, कॅरिअरखाली डबा आपटून पडलेला पोचा. घरच्या माणसाला या खुणा वाचता येत होत्या. त्या जायच्या, हे मनाला पटत नव्हते.

शिवाय त्या सायकलीला एक कथा होती आणि ती आमच्या घराण्याची जवळजवळ उत्पत्तिकथा होती. आमचे गाव माण तालुक्यात. १९७२च्या दुष्काळात आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, दावणीचे दोन्ही बैल विकले. घरातली माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. मिलो आणि सुकडी हे शब्द मी पाठ्यपुस्तकात वाचण्यापूर्वी घरातच ऐकले होते. अण्णा वीस वर्षांचे होते. ते पुण्याला आले, हमाली केली, आणि १९७४ साली एका सहकारी बँकेत शिपाई म्हणून लागले. बँकेचे टपाल पोचवायला सायकल हवी होती. कथा अशी, की अण्णांनी पहिल्या पगारातून कोरी सायकल घेतली, ती एस.टी.च्या टपावर टाकून गावी नेली, आणि आबांनी ती रिकाम्या गोठ्यात, बैलांच्या जागी, उभी करून कुंकू लावून ओवाळली. बैल गेल्यानंतर त्या गोठ्यात उभी राहिलेली ती पहिली वस्तू. धाकटे काका आजही ही कथा सांगतात आणि ‘कोरी करकरीत’ या शब्दांशी त्यांचा आवाज किंचित थांबतो.

रंगासाठी पहिल्यांदा मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पावडर कोटिंगच्या शेडमध्ये गेले. आजकाल ‘प्रोफेशनल’ रंगकाम म्हणजे हेच, असे सगळ्यांनी सांगितले होते. तिथल्या तरुण मालकाने काम नीट समजावून दिले. आधी बारीक कणांचा जोरदार मारा करून फ्रेमवरचा सगळा जुना रंग आणि गंज उडवायचा. नागडे लोखंड उरले पाहिजे. मग कोरड्या रंगाच्या भुकटीला विजेचा भार देऊन ती फवारायची. फ्रेम जमिनीशी जोडलेली असल्यामुळे भुकटी तिला आपोआप चिकटते. मग फ्रेम भट्टीत, साधारण १८० ते २०० अंश तापमानात, दहा-वीस मिनिटे. भुकटी वितळते, एकजीव होते, टणक होते. आटे असलेल्या जागा तेवढ्या झाकून घ्यायच्या, नाहीतर तिथे रंग बसून सांधा पुन्हा जुळत नाही. खर्च पंधराशे रुपये आणि ‘पंधरा वर्षं बघायला नको, मॅडम’. मी विचारले, जुन्या रंगावर हे करता येईल का? तो हसला. म्हणाला, “खालचं काही ठेवायचं नसतं ह्याच्यात.”

त्याचे म्हणणे त्याच्या शास्त्राप्रमाणे बरोबरच होते. मला कल्हईवाला आठवला. भांडे तापवायचे, नवसागर टाकून आतला मळ जाळायचा आणि कथलाचा नवा हात फिरवायचा. कल्हईच्या भांड्याला इतिहास नसतो. आजीच्या पातेल्याला आजवर किती वेळा कल्हई झाली, त्यांतली मूळ कोणती, असे कुणी विचारत नाही. विचारले तर लोक हसतील. पातेले खरे, कल्हई तात्पुरती. जुन्याला नवे करण्याची ही एक स्वच्छ, निश्चिंत रीत आहे आणि तिच्यात काही कमी आहे असे मी म्हणणार नाही.

याच्या अगदी उलट रीत शेंदराची. देवाच्या मूर्तीवर शेंदराचा लेप चढतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. कुणी काही काढत नाही. प्रत्येक पिढी आपला थर वर ठेवते. शतकांनंतर मूर्तीचे नाकडोळे थरांत बुडून जातात आणि लोक ज्याला देवीचा चेहरा म्हणून ओळखतात तो वस्तुतः त्यांच्या पूर्वजांच्या हातांनी घडलेला असतो. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर २०२२ साली काढले गेले, तेव्हा खालून पूर्वीचे रूप दिसू लागले. वर्तमानपत्रांतली छायाचित्रे पाहताना माझ्या मनात दोन भावना एकाच वेळी होत्या. ही खरी मूर्ती, ही एक. आणि मग आमच्या आजीने जिला हात जोडले ती कोण होती, ही दुसरी.

तिसरी रीत संग्राहकांची. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. जुन्या सायकली पाहण्यासाठी मी तिथे एकदा जाऊन आले. सायकलींचे शौकीन जेव्हा एखाद्या जुन्या सायकलीला वाखाणतात, तेव्हा ‘ओरिजिनल पेंट’ हे त्यांचे सगळ्यांत आदराचे शब्द असतात. त्यांच्या दृष्टीने रंग उडालेली पण मूळ रंगाची सायकल ही नव्याने चकाकणाऱ्या सायकलीपेक्षा मोलाची. त्यांचे पाहून मलाही वाटले, की गंज तेवढा थांबवावा आणि अण्णांच्या वेळचा मूळ काळा रंग जसा आहे तसाच राखावा.

अशा दुविधेत मी नाना पेठेत एका पेंटर मिस्त्रींकडे पोचले. वय सत्तरीच्या घरात. मोटारसायकलींच्या टाक्या आणि जुन्या सायकली हाताने रंगवणाऱ्यांपैकी ते एक. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा, एक कॉम्प्रेसर आणि तारेला टांगलेली चार मडगार्डे. त्यांनी फ्रेम फिरवून पाहिली आणि म्हणाले, “सगळा काढायची गरज नाही, मॅडम. जिथं सुटलाय तिथं काढू. जिथं धरून आहे तिथं तोच अस्तर.” मला हे ऐकून हायसे वाटले. मग खालचा रंग कसा धरून आहे ते पाहण्यासाठी त्यांनी सीटखालच्या उभ्या नळीवर हात घातला. त्या नळीवर अण्णांचा हवेचा पंप अडकवलेला असे आणि पंप घासू नये म्हणून तिथे कायम रेक्झिनची पट्टी गुंडाळलेली असे. पट्टी मी आयुष्यात पहिल्यांदाच निघालेली पाहत होते. मिस्त्रींनी वॉटर पेपर पाण्यात बुडवून तिथे गोल गोल घासायला सुरुवात केली.

ज्यांनी हे काम पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. रंगाचे थर एकाच जागी घासत गेले, की मधोमध सगळ्यांत खालचा थर उघडा पडतो आणि त्याच्याभोवती वरचे थर वलयांसारखे दिसू लागतात, नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे. झाडाच्या कापलेल्या बुंध्याशी त्याचे साम्य आहे. फरक इतकाच, की इथे मधले वलय सगळ्यांत जुने असले तरी ते सगळ्यांत खोल असते. बाहेर काळे वलय होते. त्याच्या आत हिरवे. गडद, बाटलीसारखे हिरवे. त्याच्या आत पुन्हा काळे, पातळ आणि फार टणक. आणि मधोमध रुपयाएवढे लोखंड.

मिस्त्रींनी मधल्या काळ्यावर नख मारून पाहिले. “हा कंपनीचा. भट्टीतला. हा निघत नाही.” मग बाहेरच्या काळ्यावरून बोट फिरवले. “आणि हा घरी मारलाय. ब्रशनं. फराटे लागतात बघा हाताला.” मी बोट फिरवले, लागत होते. मग ते थोडे वर सरकले, पुन्हा पाणी घेतले आणि फार हलक्या हाताने फक्त वरचा काळा काढत गेले. हिरव्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा दिसू लागला. आधी एक, मग सात. वळणदार देवनागरी सतरा. पाटी रंगवणाऱ्याच्या सरावाच्या हाताचा. मिस्त्री पाण्याच्या डब्यात हात धूत म्हणाले, “ही भाड्याची गाडी होती, मॅडम. दुकानातली.”

पुणे ज्या काळात सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, त्या काळात तासावर सायकल देणारी दुकाने पेठापेठांतून होती. माझ्या लहानपणी त्यांतली शेवटची काही उरली होती. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घेई. सायकल ओळखू यावी, तिचे सुटे भाग कुणी बदलू नयेत, म्हणून दुकानाच्या सगळ्या सायकलींना एकच रंग देत आणि प्रत्येकीवर आकडा घालत, असे मिस्त्रींनी सांगितले. तरुणपणी असे आकडे त्यांनीही घातले होते. (२०१७-१८च्या सुमारास पुण्यात ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या, त्याही एकेका कंपनीच्या एकाच भडक रंगात, काही वर्षांत त्या रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. युक्ती जुनीच होती.) म्हणजे अण्णांची सायकल कोरी नव्हती. अण्णांच्या आधी पुण्यातल्या अनोळखी शेकडो माणसांनी ती तासातासाने चालवली होती. आणि गावी नेण्यापूर्वी कुणीतरी घरी बसून, ब्रशने, तिचा हिरवा रंग आणि सतराचा आकडा काळ्या रंगाखाली झाकला होता.

मिस्त्रींना काम थांबवायला सांगून मी घरी आले आणि आईला विचारले. आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. “ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “लग्नानंतर पहिल्या दिवाळीला गावी निघालो, तेव्हा सांगितलं होतं त्यांनी. दुकान बंद व्हायचं होतं, त्या माणसानं हप्त्यानं दिली.” मी विचारले, मग आबांना कधी सांगितले नाही? “आबांनी तिला ओवाळलं होतं गं. मग कुठल्या तोंडानं सांगणार?” आबा १९९१ साली गेले. त्यानंतरही अण्णा तीस वर्षे जगले आणि प्रत्येक वेळी काकांनी ती कथा सांगितली, तेव्हा ते शेजारी बसून ऐकत होते. बराच वेळ गेल्यावर आईने एवढेच विचारले, “आकडा खरवडला का त्यानं?” अजून नाही, मी म्हणाले. ती पुन्हा भाजीकडे वळली.

त्या रात्री मी झोपले नाही, असे काही नाटकी घडले नाही. पण दुसऱ्या दिवशी एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सेचा तास होता आणि तो तास मला नेहमीसारखा घेता आला नाही.

आपल्या परंपरेत जुन्या ग्रंथाशी वागण्याच्या निरनिराळ्या रीती आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. सुमारे तीनशे वर्षांत पाठांतरांनी मलिन झालेला ग्रंथ त्यांनी प्रती ताडून स्वच्छ केला आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घालील, तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल, अशा अर्थाचा इशाराही दिला. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, ती नाथांच्या स्वच्छ प्रतीच्याही खाली उतरण्यासाठी. एकाने वरचा मळ काढला. दुसऱ्याला वाटले, त्या सफाईखाली अजून काही आहे. दोघांचीही ज्ञानेश्वरीवर निष्ठा होती.

आणि तिसरे उदाहरण भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे. १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ साली पूर्ण झाले. १९२५ पासून त्याचे प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुखठणकर यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत आपली भूमिका स्वच्छ मांडली आहे. सिद्ध केलेली संहिता ही व्यासांची मूळ संहिता असल्याचा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येते तितके मागचे रूप, एवढीच त्यांची प्रतिज्ञा. मला या आवृत्तीतल्या दोन गोष्टी विद्यार्थ्यांना दाखवायला आवडतात. एक, वगळलेला एकही महत्त्वाचा पाठ फेकून दिलेला नाही; तो पानाच्या खालच्या भागात किंवा परिशिष्टात आहे. दुसरी, जिथे संपादकाची खात्री कमी, तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ आहे. छापलेल्या, प्रमाण ठरलेल्या संहितेत संपादक रेघ मारून सांगतो, की इथे माझा निर्णय डळमळीत आहे. त्या रेघेइतके प्रामाणिक चिन्ह मला दुसऱ्या कुठल्या छापील पानावर दिसलेले नाही.

आता सायकलीचा पाठ सिद्ध करायचा, तर कसा? प्राचीनतेच्या निकषाने सगळ्यांत खालचा थर, म्हणजे कारखान्याचा काळा, हा मूळ पाठ. त्यावरचा हिरवा आणि सतराचा आकडा हा भाडेदुकानाचा प्रक्षेप. सगळ्यांत वरचा, अण्णांचा काळा, याला काय म्हणायचे? रंगाच्या दृष्टीने तो मूळ पाठाशी शब्दशः जुळतो. प्रक्षेप झाकून त्यांनी मूळ पाठच पुन्हा स्थापित केला, असे एखादा संपादक म्हणेल. पण तो मूळ पाठ नाही. कारखान्यातला काळा हजारो सायकलींना सारखाच बसलेला. अण्णांचा काळा भाड्याच्या खोलीत, कंदिलाच्या वा चाळीस वॉटच्या दिव्याच्या उजेडात, एका माणसाने दुसऱ्या एका माणसासाठी दिलेला. दोन प्रतींत शब्द तोच आला, म्हणजे दोन्ही लेखकांनी तेच लिहिले असे होत नाही, हे मी वर्गात नेहमी सांगते. या वेळी ते सांगताना मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

आणि खोटेपणाचे काय? मला त्याचा निवाडा करायचा नाही, पण तो प्रश्न टाळूनही चालणार नाही. अण्णा एरवी बँकेच्या हिशोबात पैशाची चूक शोधण्यासाठी रात्री थांबणारे गृहस्थ. पुढे ते कारकून झाले, आणि त्यांच्या हाताखालून गेलेला कागद बिनचूक असे. त्यांनी हे एक खोटे बोलून दाखवले की नुसते दिसू दिले, तेही मला माहीत नाही. कदाचित आबांनीच गोठ्यात सायकल पाहून ‘कोरी दिसतीय’ म्हटले असेल आणि अण्णांनी नाही म्हटले नसेल. एवढे मात्र दिसते, की बैल विकलेल्या बापासमोर दुसऱ्याच्या दुकानाचा आकडा घातलेली वस्तू न्यायची नाही, हे त्यांनी ठरवले होते. दुष्काळाने ज्या घरातले सगळे गेले, त्या घरात जाणारी पहिली वस्तू वापरलेली असू नये. घासायला वेळ नव्हता की साधन नव्हते कोण जाणे. त्यांनी नुसता वरून रंग दिला. आणि रेक्झिनची पट्टी गुंडाळली, ती पन्नास वर्षे.

चौथ्या दिवशी मी नाना पेठेत गेले आणि मिस्त्रींना सांगितले, की रंग काळाच द्यायचा. गंज आहे तिथे लोखंडापर्यंत जायचे. बाकी थर राहू द्यायचे. आणि आकडा घासायचा नाही. मिस्त्रींनी तांत्रिक आक्षेप घेतला. घरच्या रंगाखाली आकड्याच्या कडा उंच आहेत. त्या घासून सपाट केल्या नाहीत, तर वरून कितीही रंग मारला तरी तिरप्या उजेडात त्या उठून दिसतील. “मग लोक म्हणतील, पेंटरला काम येत नाही.” मी म्हटले, दिसू द्या. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि मॅडमवरून ताईवर येत विचारले, “वडलांची का, ताई?” मी हो म्हटले.

काम बारा दिवस चालले. गंजलेल्या सांध्यांवर तारेचा ब्रश फिरला आणि नळ्यांना जोडणारे सांधे उघडे पडले, तेव्हा त्यांच्या कडेने वितळून बसलेल्या पितळेची बारीक सोनेरी रेघ दिसली. जोडकाम त्या पितळेचेच असते, पण रंगाखाली ते कुणाला दिसत नाही. मग त्या उघड्या लोखंडावर रेड ऑक्साइडचा हात. गंमत अशी, की हे अस्तर लोहाच्या ऑक्साइडचेच असते. गंज आणि गेरू ही त्याचीच भावंडे. पोचे लांबीने भरले, वाळल्यावर पुन्हा घासले. कॅरिअरचा पोचा तेवढा मी भरू दिला नाही. मग गनने काळ्या रंगाचे पातळ हात, दोन हातांमध्ये वॉटर पेपर. शेवटी मिस्त्रींनी लांब केसांचा बारीक कुंचला काढला, श्वास रोखला आणि मडगार्डांवर सोनेरी रेघा ओढल्या, पट्टी न लावता. एका जागी रेघ केसाएवढी हलली. पुसून परत ओढू का, म्हणाले. नको म्हटले. एकूण दोन हजार आठशे रुपये झाले. पावडर कोटिंगपेक्षा महाग आणि त्याच्याइतके टिकणार नाही, हे मिस्त्रींनी स्वतःच सांगितले.

आडव्या नळीवरची माझी जागा आता काळी आहे. तिथे लोखंड उघडे होते, गंज धरणार होता, तिथे रंग चढणे भागच होते. त्याचे दुःख वाटेल अशी माझी अपेक्षा होती. तितके वाटले नाही. ती खूण वाचणारे आम्ही दोघे भावंडे आहोत, ती कुठे होती हे आम्हाला माहीत आहे, आणि आमची मुले आता नळीवर बसण्याच्या वयाची राहिलेली नाहीत. सतराच्या आकड्याचे मात्र तसे नव्हते. तो कुणाच्याच आठवणीत उरला नसता. आईला तो माहीत होता, पण तिने तो कधी पाहिलेला नव्हता.

गेल्या महिन्यात अण्णांच्या श्राद्धाला गावाहून काका आले. व्हरांड्यात सायकल उभी होती, तिच्याभोवती त्यांनी एक फेरी मारली, घंटी वाजवून पाहिली आणि माझ्या भाच्याला जवळ बोलावून कथा सांगायला घेतली. बैल, दुष्काळ, एस.टी.चा टप, गोठा. ‘कोरी करकरीत’शी ते थांबले. आईने त्यांच्या हातात चहाचा कप दिला. मी काही बोलले नाही आणि पुढेही बोलणार नाही. त्यांच्या प्रतीत तो पाठ तसाच राहावा. रेक्झिनची पट्टी मी परत लावलेली नाही. दुपारी चारच्या सुमारास ऊन व्हरांड्यात तिरपे येते, तेव्हा सीटखालच्या नळीवर, काळ्यावर काळ्याच रंगात, सतराच्या कडा किंचित उठून दिसतात. ज्याला तिथे काही आहे हे माहीत नाही, त्याला तो रंगकामातला दोष वाटेल.